आत्मघात : दोष कोणाचा, दुखणे कोठले?

माणसाने स्वतःच्या हाताने प्राण दिला म्हणजे त्याच्या घरावर दोन घाव पडतात. पहिला मृत्यूचा आणि दुसरा लोकांच्या जिभेचा. ‘देवावर श्रद्धा असती तर असे केले नसते’, ‘घरच्यांनीच छळले असेल’, ‘त्या घराण्यातच काही तरी आहे, तेथे मुलगी देऊ नये’, अशी कुजबुज दफनविधी आटोपण्यापूर्वीच सुरू होते. बोलणारे विसरून जातात. पण त्या घरातील आई, विधवा आणि लेकरे ते शब्द आयुष्यभर उराशी वागवितात. आपल्या देशात २०२२ साली १,७०,९२४ माणसांनी असा अंत करून घेतल्याची सरकारी नोंद आहे. तेव्हा हे दुःख कोठे तरी दूर, परमुलखात घडणारे नव्हे. प्रत्येक धर्मग्रामाला आज ना उद्या ह्या दारावरून जावे लागते.

ख्रिस्तसभेची जुनी शिस्त ह्या बाबतीत कडक होती. १९१७ च्या धर्मनियमसंहितेच्या १२४० व्या कलमाप्रमाणे, ज्याने जाणूनबुजून व विचारान्ती आत्मघात केला त्याला धार्मिक दफनविधी नाकारला जाई. ‘विचारान्ती’ ही त्यातील अट मात्र लोक सोयीस्करपणे विसरत. शंका असेल तर महागुरुस्वामींना विचारावे, आणि शंका फिटलीच नाही तर कोणाला अडखळण होणार नाही अशा रीतीने दफन करू द्यावे, असेही तेच कलम सांगत होते. पुढे १९८३ च्या नव्या संहितेने दफन नाकारण्याच्या यादीतून ह्या अभागी लोकांचा उल्लेखच काढून टाकला. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्टच शिकविले की, गंभीर मनोविकार, असह्य क्लेश किंवा मोठे भय यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. आत्मघात हे गंभीर दुष्कृत्य होय, ही शिकवण बदललेली नाही. जीवन परमेश्वराचे आहे. आपण त्याचे मालक नव्हे, कारभारी आहोत. परंतु कृत्य गंभीर असणे वेगळे आणि ते करणाऱ्याने पूर्ण समजून व मोकळ्या मनाने केलेले असणे वेगळे. प्राणघातक पापाला ह्या तिन्ही गोष्टी लागतात, हे प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलालाही प्रश्नोत्तरीत पाठ असते.

मग प्रश्न असा उरतो : विचार करण्याकरिता आत्मा ज्या इंद्रियाचा उपयोग करतो तो मेंदूच आजारी असेल तर? गेली पन्नास वर्षे निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ ह्याच प्रश्नाचा शोध घेत आहेत. त्यांच्या हाती जे लागले आहे ते धर्मग्रंथाला बाधक नाही. किंबहुना वरच्या तिन्ही कुजबुजींना त्यातून उत्तर मिळते, म्हणून ते आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावे असे मला वाटते.

प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ, अंडी व मासळी आठवते. पण शरीराच्या आत प्रथिन म्हणजे केवळ अन्न नव्हे. ती शरीराची कामकरी माणसे आहेत. मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत आणि त्या एकमेकींना बहुधा चिकटलेल्या नसतात. दोहोंमध्ये बारीक फट असते. एका पेशीने सोडलेला रासायनिक निरोप्या ती फट ओलांडून दुसरीकडे जातो. पलीकडे त्याला ओळखून आत निरोप पोहोचविणारी प्रथिने असतात. त्यांना आपण ग्राहक म्हणू. काम झाल्यावर निरोप्याला उचलून परत पहिल्या पेशीत आणणारी प्रथिने निराळी. त्यांना वाहक म्हणू. सेरोटोनिन हा असाच एक निरोप्या. तो उत्पन्न करणाऱ्या पेशी मेंदूच्या देठाशी असतात. संख्येने त्या काही लाखच, म्हणजे मेंदूच्या मानाने मूठभर. पण एका विहिरीचे पाणी पाटापाटाने साऱ्या मळ्याला जावे तसे त्यांचे तंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागाला पोहोचतात. झोप, भूक, मनाची प्रसन्नता आणि, आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आलेल्या आवेगाला आवर घालण्याची शक्ती, ह्या साऱ्यांत त्याचा हात आहे.

१९७६ साली स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेत मारी ऑस्बेर्ग ह्या डॉक्टरीणबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्या खिन्नतेच्या विकाराने पछाडलेल्या ६८ रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रव त्यांनी सुईने काढून तपासला होता. सेरोटोनिन वापरले गेल्यावर त्याचा जो अवशेष राहतो तो ह्या द्रवात उतरतो. ओढ्याला आलेल्या पाण्यावरून वर मळ्यात किती पाणी सोडले असेल ह्याचा अंदाज करावा तशी ही युक्ती. २० रुग्णांत तो अवशेष फार कमी भरला, ४८ जणांत अधिक. कमी असलेल्या गटात आत्मघाताचे प्रयत्न अधिक झाले होते आणि ते अधिक उग्र होते. पुढे ह्या २० पैकी दोघांनी जीव दिला. ४८ पैकी एकानेही नाही. दुःखाने सगळेच पिडलेले होते. पण ज्यांच्या मेंदूत सेरोटोनिनचा ओघ आटला होता त्यांना ते दुःख हातून काही भलते घडू न देता सोसणे अधिक जड गेले.

तो अवशेष स्वतः प्रथिन नव्हे, पण त्याने प्रथिनांकडे बोट दाखविले. ती पाहावयाची तर खुद्द मेंदूच हवा. म्हणून अमेरिकेत व इतरत्र, मृताच्या नातेवाइकांच्या संमतीने, शवविच्छेदनाच्या वेळी मेंदू काढून घेऊन तो उणे ८० अंश सेल्सियसच्या थंडीत जपण्यास सुरुवात झाली. हे काम काही तासांच्या आत करावे लागते. उशीर झाला की प्रथिने विटू लागतात. त्याबरोबरच आत्मघात न करता अपघाताने किंवा अकस्मात दुखण्याने गेलेल्यांचे मेंदूही तुलनेसाठी लागतात. पुढे मेंदूच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून, विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य त्यांवर सोडतात, आणि कोठे किती चिकटले ते मोजतात. तिकडे दुसरा मनुष्य मृताच्या घरी जाऊन, आई-बायको-भावंडांजवळ बसून, त्याच्या आयुष्याची हकीकत विचारून लिहून घेतो. प्रयोगशाळेचे आकडे त्या घरच्या हकीकतीवाचून मुके असतात.

येथे एखाद्या वाचकाच्या मनात येईल की, देहाची अशी चिरफाड ख्रिस्ती माणसाला शोभते काय? शास्त्रीय संशोधनाकरिता शवविच्छेदन नीतीच्या दृष्टीने करता येते, असे धर्मशिक्षणग्रंथच सांगतो. आपल्याजवळ बेंगळुरू येथे निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची अशी पेढी आहे. ऐन आकांताच्या घटकेला जे कुटुंब अशी संमती देते त्याचे दान मला मोठे वाटते.

१९८२ व १९८३ साली मायकेल स्टॅन्ली, जॉन मान आदी अमेरिकन संशोधकांना आढळले की, आत्मघात केलेल्यांच्या मेंदूत कपाळामागच्या भागी सेरोटोनिनच्या वाहक प्रथिनांच्या जागा कमी आणि ग्राहक प्रथिनांपैकी एका जातीच्या जागा जास्त आहेत. पाणी कमी पडू लागले की तहानलेली जमीन अधिकच भेगाळते, तसाच हा प्रकार असावा, असा तर्क त्यांनी केला. पुढे मान आणि विक्टोरिया अरांगो ह्यांनी हा बिघाड विशेषेकरून डोळ्यांच्या वरच्या बाजूस, कपाळाच्या तळाशी असलेल्या भागात दाखविला. ‘थांब, जरा उद्यापर्यंत वाट पाहा’ असे माणसाला आतून सांगणाऱ्या यंत्रणेत ह्या भागाचे काम मोठे आहे. प्रत्येक प्रयोगशाळेला नंतर तंतोतंत हेच आढळले असे नाही. ह्या क्षेत्रात एकाचे माप दुसऱ्याशी जुळत नाही असे पुष्कळदा होते. तरी रोख तोच राहिला.

ह्यानंतरच्या शोधात एका थोर स्त्रीची आठवण केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. इटलीतील तुरिन शहरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ज्यू म्हणून विद्यापीठातून दूर केली गेलेली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आपल्या निजण्याच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर प्रयोग करीत असे. पुढे अमेरिकेत, मज्जापेशींना वाढविणारे व जगविणारे एक प्रथिन तिने शोधून काढले. त्याबद्दल १९८६ साली स्टॅन्ली कोहेन ह्यांच्यासमवेत तिला नोबेल पारितोषिक मिळाले. पोपमहोदयांच्या विज्ञान-अकादमीचीही ती सभासद होती. तिच्या प्रथिनाचे भावंड शोभेल असे दुसरे प्रथिन १९८२ साली जर्मनीत डुकराच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले. त्याचे इंग्रजी आद्याक्षरी नाव बीडीएनएफ. त्याला मेंदूचे खत म्हटले तरी चालेल. पेशींना नवे फाटे फोडणे, जुने जोड टिकविणे, नवे काही शिकणे, हे सारे त्याच्या आधारावर चालते.

२००३ साली शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातील योगेश द्विवेदी, घनश्याम पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, आत्मघात केलेल्या माणसांच्या कपाळामागच्या भागात आणि स्मरणाशी संबंधित अशा हिपोकॅम्पस नावाच्या भागात हे प्रथिन व त्याला ओळखणारे ग्राहक प्रथिन, दोन्ही कमी पडलेली होती. मृताला मानसिक विकार कोणता होता, ह्यावर ते अवलंबून नव्हते. हे वाचले तेव्हा मला त्या माणसांचे एक नेहमीचे बोलणे आठवले : ‘फादर, मला दुसरी वाटच दिसत नाही.’ आपण म्हणतो, वाटा पुष्कळ आहेत, तू बघत नाहीस. पण वाट पाहण्याचे इंद्रियच खतावाचून सुकत असेल तर ‘बघ, बघ’ म्हणून दटावण्याचा काय उपयोग?

आता घराण्याच्या कुजबुजीकडे वळू. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात आमिश नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. ही शेतकरी माणसे मोटार बाळगीत नाहीत, घरात सरकारी वीज घेत नाहीत, मारामारी करीत नाहीत. म्हाताऱ्यांना एकटे टाकीत नाहीत. श्रद्धेने कडवी, घराने एकजूट. जेनिस एगलंड आणि जेम्स ससेक्स ह्यांनी १८८० ते १९८० ह्या शंभर वर्षांतील त्यांच्यामधले आत्मघात शोधून काढले आणि १९८५ साली ती हकीकत प्रसिद्ध केली. एकूण २६ भरले. त्यांपैकी २४ जणांना खिन्नतेचा किंवा मनाच्या चढउतारांचा विकार होता, आणि सुमारे पाऊणपट मृत्यू अवघ्या चार घराण्यांत झाले होते. श्रद्धा कमी पडली म्हणून आत्मघात होतो, असे मानणाऱ्याने ह्या धर्मभीरू लोकांकडे पाहावे. दुसरीकडे, डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५७ जणांनी पुढे आत्मघात केला होता. त्यांच्या रक्ताच्या २६९ नातेवाइकांपैकी १२ जणांचा अंत तसाच झाला होता, आणि ज्या घरांत ते वाढले त्या घरच्या नात्यांत एकाचाही नाही. हा अभ्यास १९७९ चा.

म्हणजे घराण्याचा काही संबंध आहे खरा. पण त्याचा अर्थ ‘तेथे मुलगी देऊ नये’ असा काढणारा मनुष्य अर्धेच वाचतो. आमिश लोकांतच अशीही घराणी होती की ज्यांत खिन्नतेचा विकार तितकाच होता, पण आत्मघात एकही नव्हता. डेन्मार्कच्या त्या २६९ नातेवाइकांपैकीही २५७ जण ह्या मार्गाने गेले नाहीत. रक्तातून येतो तो कल. ठरलेला शेवट नव्हे. मधुमेह असलेल्या घराशी आपण सोयरीक तोडीत नाही; साखर जपतो आणि डॉक्टरकडे जातो. येथेही तेच करावे.

आणि घरातल्या छळाचे काय? हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो. कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे मॅकगिल विद्यापीठाच्या पॅट्रिक मॅकगोवन, गुस्ताव्हो टुरेकी, मायकेल मीनी आणि मोशे झिफ आदी संशोधकांनी २००९ साली ३६ मेंदूंची तुलना प्रसिद्ध केली. बारा माणसे अशी की ज्यांनी आत्मघात केला होता आणि लहानपणी ज्यांचा छळ किंवा गैरवापर झाला होता. बारा आत्मघात केलेली, पण लहानपणी तसे काही न भोगलेली. आणि बारा इतर कारणांनी गेलेली. संकट आले की शरीरात कॉर्टिसॉल हे द्रव्य उसळते; ते पुरे झाले हे ओळखून ‘आता थांबा, धोका टळला’ असे सांगणारे एक ग्राहक प्रथिन हिपोकॅम्पसमध्ये असते. हे प्रथिन बनविण्याचा लेखी आदेश आपल्या जनुकात असतो. छळ भोगलेल्या बाराजणांत त्या आदेशावर बारीक रासायनिक शिक्के अधिक बसलेले आढळले. पुस्तकाचे पान लाखेने चिकटवावे तसे ते पान नीट उघडत नव्हते, आणि त्यामुळे प्रथिन बनविण्याचे काम मंदावले होते. आत्मघात केलेल्या दुसऱ्या बाराजणांत मात्र असे काही नव्हते. ते तिसऱ्या गटासारखेच होते.

तेव्हा ही खूण आत्मघाताची नव्हे, बालपणीच्या घावाची आहे. लहान असताना ज्याला रात्रीबेरात्री दारुड्या बापाच्या पावलांची चाहूल घ्यावी लागली, किंवा ज्याच्या अंगाला नको त्या हाताने स्पर्श केला, त्याच्या मेंदूतील भयाची घंटा धोका टळल्यावरही वाजत राहते, चाळीस वर्षांनीसुद्धा. ‘मार खाल्ल्यावाचून पोर सुधारत नाही’ असे आपल्याकडे अजून मोठ्या अभिमानाने बोलले जाते. ज्याला तसे वाटते त्याने मॉन्ट्रिअलची ती हकीकत समजून घ्यावी. आणि घरातील, शाळेतील किंवा चर्चच्या आवारातील एखादा मोठा मनुष्य मुलाला त्रास देत असेल, तर अब्रूच्या नावाखाली ते झाकू नये; धर्मगुरूचा झगा घातलेल्याचेही झाकू नये. पण म्हणून जेथे जेथे आत्मघात झाला तेथे घरच्यांनी छळले असा निष्कर्ष काढणाऱ्यांनीही आपली जीभ आवरावी. त्या दुसऱ्या बारा माणसांची घरे निर्दोष होती.

ह्या संशोधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर उद्या कोणी बाजारात रक्ततपासणी विकू लागेल. अमुक मनुष्य आत्मघात करील की नाही, हे सांगणारी रक्ताची किंवा मेंदूची कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. मृताचा मेंदू शेवटच्या दिवसाची स्थिती दाखवितो. ती कारण होती की वर्षानुवर्षांच्या दुःखाचा, मद्याचा किंवा औषधांचा परिणाम, हे त्यावरून सहज ठरत नाही. प्रथिने माणसाला ढकलीत नाहीत. ज्याच्या मेंदूत ती कमी आहेत असे असंख्य लोक जगतात, प्रार्थना करतात, शेती करतात. इच्छास्वातंत्र्य नाहीसे होत नाही. पण आजारात ते अरुंद होते, आणि किती अरुंद झाले होते ते एका परमेश्वरालाच ठाऊक. म्हणून मृताचा न्याय करण्याची घाई आपण करू नये. जो अजून जिवंत आहे त्याच्याकरिता मात्र घाई करावी.

खिन्नतेवर डॉक्टर हल्ली प्रथम देतात त्यांपैकी बरीच औषधे, वर सांगितलेल्या त्याच वाहक प्रथिनाला अडवून धरतात, म्हणजे सेरोटोनिन फटीत अधिक वेळ राहते. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि आमची माणसे आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या खिडकीत ठेवून देतात. तसे करू नये. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः तरुण मुलामुलींवर, घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि अस्वस्थता वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवावे. गोळी घेणे हा देवावरचा अविश्वास नव्हे. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला प्रवचन दिले नाही. झोपू दिले, भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. पर्वतावरची देवाची वाणी त्याने त्यानंतर ऐकली.

कोणाच्या बोलण्यात ‘माझे ओझे तुम्हांला नको’ किंवा ‘आता थोडेच दिवस’ असे येऊ लागले, तर सरळ विचारावे : तुझ्या मनात जीव देण्याचे येते काय? विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणी तरी विचारले ह्याचेच हलके वाटते. आवेगाची ती घटका पुष्कळदा थोडा वेळच टिकते. म्हणून फवारणीची औषधे घरात, खाटेखाली ठेवू नयेत. कुलूपबंद पेटीत ठेवून किल्ली दुसऱ्याजवळ द्यावी. श्रीलंकेने एकामागून एक अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९९५ ते २०१५ ह्या वीस वर्षांत तेथील आत्मघातांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. त्या लोकांचे दुःख काही वीस वर्षांत संपले नव्हते. ती घटका टळली आणि माणसे वाचली.

पोलिसांच्या भीतीने कित्येक कुटुंबे अशी गोष्ट लपवितात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावयास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. तेव्हा शिक्षेच्या भयाने रुग्णालय टाळू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठी व कन्नडसह अनेक भारतीय भाषांतून बोलता येते. हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा.

जो असा प्रयत्न करून वाचला व रुग्णालयातून घरी आला, त्याचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. त्या दिवसांत त्याला ‘असे का केलेस’ म्हणून कोणी छेडू नये. गोळ्यांची पुडी दुसऱ्याच्या हाती असावी, रात्री एकजण जवळ निजावा, आणि शेजाऱ्यांनी पाळीपाळीने जेवणाचा डबा नेऊन द्यावा. मलाही कळवावे, मी येऊन बसेन, आणि तो बोलला नाही तरी बसेन.